माझ्या कपड्यांतला म्हातारा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझी एखादी पँट सापडेनाशी झाली की मी कपाट उपसत बसत नाही. सरळ पुढच्या ओट्यावर जातो. तिथे खुर्चीत ती पँट बसलेली असते. आत पेंढा भरलेला असतो, वर माझाच शर्ट, माझाच मफलर, माझाच जुना चष्मा, आणि हे सगळं गाठोडं रस्त्याकडे तोंड करून ऐटीत बसलेलं असतं.

आमच्या वसईच्या ख्रिस्ती गावांत ही रीत आहे. सरत्या वर्षाचा पेंढ्याचा म्हातारा करायचा, चार-सहा दिवस त्याला रस्त्याकडेला बसवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याची टिंगल करायची आणि एकतीस तारखेला त्याला जाळून मोकळं व्हायचं. माझ्या लहानपणी हे काम गल्लीतल्या तरण्या पोरांचं होतं. आता तरणी माणसं कुणी गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये गेली, कुणी कॅनडात गेली, आणि उरलेली कामावरून दमून घरी येतात ती जेवून झोपतात. मग परंपरा बुडू नये म्हणून हे खातं माझ्या बायकोने आपल्याकडे घेतलं. तिचं वय चौसष्ट. तिला हे कुणीही सांगितलं नव्हतं. मी तर मुळीच नाही.

बरं, म्हातारा करायचा तर कर बाई. गावात म्हातारे थोडे आहेत का? पण नाही, दर वर्षी तो माझ्यासारखाच व्हायला हवा. पोट जरा पुढे, मान जरा वर, मांडीवर घडी केलेलं वर्तमानपत्र, आणि उजव्या हाताचं एक बोट सुतळीने बांधून उभं केलेलं. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाचं बोट वर असणारच. त्यात हसण्यासारखं काय आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझे जुने विद्यार्थी, आता टक्कल पडलेले बापे, स्कूटर थांबवून त्या गाठोड्याला ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणतात. आणि खिडकीत मी दिसलो की स्कूटर हळूच पुढे काढतात.

वर्षातून एकदाच हा प्रकार असता तर मी दात-ओठ खाऊन गप्प बसलो असतो. पण हिचं बारा महिने चालू असतं. मागच्या मांडवावरच्या प्रत्येक दुधीला ही आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चखालच्या वस्तीच्या, समितीतलं एकेक पद देते आणि मग ‘आज खजिनदार कापला’ असं म्हणत भाजी वाढते. नारळ सोलला की त्याच्या डोळ्यांवर कोळशाने भुवया काढून तो दोन दिवस फ्रिजवर ठेवते; सकाळी पाणी प्यायला जावं तर तो आपल्याकडे रागाने बघत असतो. बाजारात रोज नव्या वाटेने जाते. नियम असा की जिथे कुत्रा दिसेल तिथे वळायचं. वसईत कुत्र्यांना काही तोटा नाही. दहा मिनिटांच्या बाजाराला हिला सव्वा तास लागतो, आणि परत येते ती हसत हसत, मासे विसरून. एका शुक्रवारी ताटात सगळं पिवळंच होतं. वरण, भोपळा, लिंबाचं लोणचं, केळं. मी मीठ मागितलं तर म्हणाली, “मीठ पांढरं असतं. आज नाही मिळायचं.”

आणि दैवाचा न्याय बघा. हिचा रक्तदाब एखाद्या शाळकरी मुलीचा. माझा, सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेऊन, पथ्य पाळून, वेळेवर झोपून, कायम चढलेला. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सर, गोळ्या चालू ठेवा, पण जरा खेळत जा. हलकं वाटेल. बाईंकडे बघा, किती तरुण राहिल्यात.” मी म्हटलं, त्यांच्याकडे बघूनच तर चढतो. डॉक्टरीणबाई हसल्या. मी विनोद केलेला नव्हता.

तरी मी सांगितलेलं पाळणारा माणूस. घरी येऊन वेळापत्रकात ‘सायंकाळी पाच ते साडेपाच : खेळ’ असं लिहून टाकलं. मोठ्यांसाठी मिळते ती रंगवायची वही आणली आणि चार दिवसांत संपवली, कुठेही रेषेबाहेर न जाता. सवयीने प्रत्येक पानाखाली गुणही दिले. मोराला दहापैकी सात, कारण निळा दोन ठिकाणी फिका पडला होता. पाचव्या दिवशी रक्तदाब मोजला तर आणखी वाढलेला. हिने वही चाळली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही तर मोरालाही नापास करायला निघालात.” सात गुणांना कुणी नापास म्हणत नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं. ती वर्तमानपत्राची टोपी करत होती, आणि मी अजून अग्रलेख वाचलेला नव्हता.

हे सगळं एकवेळ सोसवलं असतं. पण गेल्या वर्षी डिसेंबरात मला आतून दुसरीच गोष्ट खात होती. माझी मोठी बहीण महिनाभर घरी आली नव्हती.

आम्ही तिला बाय म्हणतो. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शहात्तर वर्षांची. आम्ही पाच भावंडं होतो, आता आम्ही दोघंच उरलो. तिला होळीत दिलेली. होळी म्हणजे इथे सण नव्हे, वसईजवळचं भाजीपाल्याच्या वाड्यांचं गाव. नवरा गेला, मुलं नोकऱ्यांना लागली, तरी बायचा हात मातीतून निघाला नाही. दर गुरुवारी ती रिक्षाने यायची, पिशवीत वांगी, वालाच्या शेंगा, पालेभाजीची जुडी. चहा व्हायचा आणि दहाव्या मिनिटाला आमचं भांडण. पुढच्या गुरुवारी रिक्षा पुन्हा दारात हजर. इतकी वर्षं हे असंच चाललेलं.

नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी ती आली ती हातात घडी केलेला एक कागद घेऊन. म्हणाली, “तुला एक सांगायचंय. हसू नको.”

मी म्हटलं, “ते राहू दे. दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं काय झालं ते आधी सांग.”

ती म्हणाली, ते होईल, तू ऐक तरी. मी म्हटलं, होईल होईल म्हणता म्हणता पहिल्या डोळ्याला दोन वर्षं लागली. मग मी तिला मोतीबिंदूबद्दल सांगितलं. मग तिच्या मुलांच्या हलगर्जीपणाबद्दल सांगितलं. मग ती बोलताना मूळ विषय कसा सोडून देते, याबद्दल सांगितलं. पाऊण तास झाला असेल. बाय उठली. “तुझ्याशी बोलन्यापरीस भिंतीवर डोकं आपटलेलं बरं,” म्हणाली, आणि पिशवी रिकामी न करताच निघून गेली. भाजी परत नेली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

नाताळला ती जेवायला आली नाही. सुनेच्या हाती करंज्यांचा डबा पाठवला. असं जन्मात पहिल्यांदा घडलं. मी फोन केला नाही, कारण चूक तिची होती. बायको म्हणाली, “तिला एकच भाऊ राहिलाय हो.” मी म्हटलं, “मलाही एकच बहीण राहिलीय, हे तिला कळत नाही का?” म्हटलं खरं, पण त्या दुपारी मी मटण ताटात तसंच ठेवून उठलो. मला भीती वाटत होती. आमच्या वयात अबोला धरला तर तो सोडायला दोघंही उरतील, याची खात्री कुणी द्यायची?

नाताळनंतरच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, मागच्या केळींना पाणी घालून मी घरात आलो तर ओट्यावरून बायचा आवाज. मी लगबगीने पुढे निघालो. दाराआड बायको उभी होती, ओढणी तोंडात कोंबून. तिने दुसऱ्या हाताने मला अडवलं. हाताला पेंढा आणि खळ. मी फटीतून पाहिलं.

बाय ओट्यावरच्या बाकावर बसली होती आणि समोरच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याशी बोलत होती. मावळतीचं ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं, त्यातला एक डोळा अधू, आणि त्या वर्षी हिने म्हाताऱ्याला माझी कानटोपीसुद्धा घातलेली. बाय त्या टोपीला वर्षानुवर्षं ओळखते.

“रागावलायस, दिसतंय मला,” बाय म्हणत होती. “असू दे. पन मी आज सांगूनच जानार. मधी बोलू नको.”

म्हातारा मधे बोलला नाही.

“तीन राजांच्या सनाला आमचं महिला मंडळ नाटुकलं करतंय. रविवारी, मिस्सा झाल्यावर, चर्चच्या पटांगनात. राजा व्हायला कोनी तयार होईना. मी हात वर केला.” ती थांबली. एरवी या जागी मी बोललो असतो. म्हातारा गप्प. “दाढी लावनार मला. मुकुट घालनार. सून म्हनते, मम्मी, या वयात काय हे, लोक हसतील. हसू दे. लहानपनी तुम्ही सगळे खेळायचा, नि माझ्या कडेवर कोन ना कोन असायचंच. शेवटी तू होतास, तू तर उतरायचाच नाय. मला कोनी खेळात घेतलंच नाय रे कधी.”

दाराआड माझ्या ओठांवर वाक्यं तयार होती. बायबलातल्या शुभवर्तमानात बाळ येशूला भेटायला आलेले ते राजे नाहीतच, ज्ञानी लोक आहेत. आणि ते तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही. हे सांगितलंच पाहिजे होतं. बायकोने खळीचा हात माझ्या तोंडावर दाबून धरला.

“सात वाक्यं हायत,” बाय सांगत होती. “तालमीत ऐकलेलं अर्धंच ध्यानात ऱ्हातं, नि कागदावरचं मला दिसत नाय. घरात वाचून दाखवायला कोनाला वेळ नाय. तू वाचून दाखवशील म्हनून त्या दिवशी आले होते.”

तिने कागद पुढे केला. म्हाताऱ्याने घेतला नाही. बायने त्याच्या हातावर हात ठेवला, आणि क्षणभर तशीच बसली. आता सगळं उघडं पडणार असं मला वाटलं. पण तिने कागद परत पिशवीत ठेवला, बाक जरा पुढे ओढला आणि पहिल्यापेक्षा मोकळ्या आवाजात बोलू लागली. मग ती उठली. शाल खांद्यावरून मागे सोडली, हनुवटीखाली नसलेली दाढी कुरवाळली आणि ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत राजासारखी चालत गेली. “आमचे उंट दमले हायत. पन बाळाला बघितल्याशिवाय आम्ही परत जानार नाय!” असं म्हणून स्वतःच खुदकन हसली. माझ्या बहिणीला मी असं कधी बघितलेलं नव्हतं. ती सात-आठ वर्षांची दिसत होती.

जाताना म्हणाली, “किती बरं ऐकतोस रे आज. उद्या येते.”

रिक्षा वळली आणि बायको हसत हसत जमिनीवरच बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “हसतेस काय? तुझ्या पोरखेळापायी माझी बहीण फसली!”

“फसली कुठे?” डोळे पुसत ती म्हणाली. “तिला हवा तसा भाऊ भेटला.”

मी त्या दिवशी चहा घेतला नाही. मोरी धुऊन काढली, वर्तमानपत्रांची रद्दी तारखेप्रमाणे लावली, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. बायला खरं सांगावं तर ती शरमेने पुन्हा पाऊल टाकणार नाही. सांगू नये तर उद्या ती पुन्हा त्या गाठोड्याशी बोलणार, आणि रविवारी सगळ्या धर्मग्रामासमोर अडखळणार, कारण पेंढ्याला वाचता येत नाही. शेवटी तिसरा मार्ग मीच काढला. तो तोंडाने बोलताना माझी मलाच लाज वाटली. मी म्हटलं, “उद्या मी बसतो तिथे. निदान समोर खरा भाऊ असेल, वाचायचं मग बघू.”

बायकोने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी खरा म्हातारा न्हाणीघरात गेला आणि मी खुर्चीत. हिने माझ्या कॉलरमध्ये, बाह्यांमध्ये, मोज्यांमध्ये पेंढा खोचला. पेंढा किती चावतो हे म्हाताऱ्याला कुणी विचारलंय का? मान वळवायची नाही, खाजवायचं नाही. समोरून मासळीवाली गेली. ती टोपली सावरत थांबली आणि म्हणाली, “बाई, यंदा म्हाताऱ्याला पोट जास्तच भरलंय.”

“पेंढा उरला होता ना,” दारातून आमची बाई म्हणाली.

एकोणसत्तर वर्षांच्या, अनेकांना शिकवून मार्गी लावलेल्या माणसाला हे निमूट ऐकून घ्यावं लागलं.

बाय आली. बाकावर बसली, वांग्यांची पिशवी खाली ठेवली. भाजी आली होती, एवढं मी नजरेच्या कोपऱ्यातून टिपलं. “काल बोलले, तर बरी झोप लागली,” ती म्हणाली आणि सरळ उभी राहून राजा झाली. पहिलं वाक्य तिला येतच नव्हतं. “आम्ही तिघे राजे” इथवर यायची आणि गाडी अडायची. “हे मेलं डोक्यात ऱ्हातच नाय,” म्हणून पुढे जायची. चौथ्या वाक्याला पुन्हा अडखळायची. तिथे बाळाला द्यायच्या तीन भेटी होत्या, सोनं, ऊद आणि बोळ नावाचा सुगंधी डिंक, आणि ती दर वेळी ऊद विसरायची. माझी जीभ टाळूला लागून तयार होती. एक शब्द. एकच शब्द हवा होता. मी कॉलरमधला पेंढा सोसत बसून राहिलो. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा विसरली. पुन्हा. माझ्या कपाळाला घाम आला, तो पुसता येईना. सहाव्यांदा ऊद तिला आपसूक आठवला, आणि तिने आनंदाने टाळी वाजवली. पस्तीस वर्षांत कुठल्या मुलाला मी सहा वेळा चुकू दिलं होतं, ते मला आठवेना. दुसऱ्या चुकीलाच मी उत्तर सांगून टाकत असे, तेही रागाने.

बाय पुन्हा बाकावर टेकली. पिशवीतून कागद काढला आणि माझ्या हातात खोचला.

“आता वाच,” ती म्हणाली.

मी ताठ बसून राहिलो.

“वाच रे. काल तुझा हात धरला तर आत पेंढा. आजचा हात गरम हाय.”

मी मान वळवली. चष्म्याआडून ती शांतपणे माझ्याकडे बघत होती. “म्हणजे काल तुला कळलं होतं?”

“पहिल्यांदा नाय कळलं. हात धरला तवा कळलं.”

“मग पुढे एवढा वेळ पेंढ्याशी काय बोलत बसलीस?”

“पेंढा हाय म्हनून तर बोलले,” बाय म्हणाली.

ती रागाने बोलली नव्हती, टोमणाही मारला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. मी कॉलरमधली पेंढ्याची एक काडी उपसली आणि मांडीवर ठेवली. छातीत काहीतरी फार जड झालं. रक्तदाब नव्हता तो. तो मला चांगला ओळखू येतो.

“पन आज तू आपल्या पायानं येऊन बसलास,” ती म्हणाली. “अंगाला एवढं टोचून घेतलंस. आता वाच. जेवढं लिवलंय तेवढंच. वरचं काय नको.”

मी कागद उलगडला. मंडळातल्या कुणीतरी निळ्या पेनने घाईघाईने लिहिलेला. पहिल्याच ओळीवर माझे डोळे खिळले. राजे पश्चिमेकडून आले होते. पश्चिमेकडून! पहिलीतलं पोरही सांगेल की ते पूर्वेकडून आले, पूर्वेला तारा बघून आले. वसईच्या पश्चिमेला तर नुसता समुद्र आहे, तिकडून उंट येणार कसे? आणि रविवारी हे वाक्य माझी बहीण म्हणणार होती, दाढी लावून, फादरांच्या समोर, माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या समोर. मी तोंड उघडलं. बाय डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, ओठ हलवत वाट बघत होती.

“आम्ही तिघे राजे,” मी वाचलं, “पश्चिमेकडून आलो आहोत.”